गॅलरीत सुक्का: अर्ध्यावर स्लॅब, भिंती ताडपत्रीच्या. चालेल का?

प्रश्न: यंदा सुक्कोतला, म्हणजे ज्यूंच्या झोपड्यांच्या सणाला, गॅलरीत सुक्का (सणात जेवायची तात्पुरती झोपडी) घालायचा आहे. घराच्या भिंतीपासून मीटरभर वरच्या मजल्याचा स्लॅब येतो, पुढे आभाळ मोकळं. बाजूंना ताडपत्री लावणार आहे. छपराला काय घालू? पावसासाठी वर प्लास्टिक टाकलं तर?

प्रतिसाद १: आधी छप्पर बघा, सुक्का हे नावच त्यावरून पडलंय. छपराचा माल, म्हणजे सखाख, जमिनीत उगवलेला, तोडलेला आणि वापरायची वस्तू म्हणून न घडवलेला हवा. झावळ्या, बांबू चालतात. चादर, पत्रा नाही. उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे. स्लॅबखाली घातलेलं सखाख धरत नाहीत. मोकळ्या भागात किमान ७ बाय ७ तेफाख (एक तेफाख म्हणजे ८ ते ९.५ सेंमी) सखाख हवं. स्लॅबची पट्टी ४ अम्मांपेक्षा, म्हणजे साधारण १.९ मीटरपेक्षा, कमी आहे, म्हणून तिला मागच्या भिंतीचाच वाकलेला भाग मानता येतं. जेवायला मात्र मोकळ्या भागातच बसा.

आणखी एक चूक हमखास होते: झाडाची जिवंत फांदी छपरावर ओढून घ्यायची आणि मग बुंध्याशी कापायची. नुसतं कापून भागत नाही. कापल्यावर ती उचलून पुन्हा ठेवावी लागते, कारण छप्पर 'घालायचं' असतं, आपोआप झालेलं नको.

प्रतिसाद २: ताडपत्रीचं काय? साध्या वाऱ्याने फडफडणारी भिंत ही भिंतच नाही. खालून-वरून बांधली तरी मधे फुगा येतो. उपाय सोपा आहे: आतून आडव्या दोऱ्या ताणा, जमिनीपासून दर २३ सेंमीला एक, अशा ५. तीन तेफाखांपेक्षा कमी फट बंद धरतात आणि भिंतीला १० तेफाख उंची पुरते. दोऱ्या चारही बाजूंनी ताणा, तीनच बाजूंनी काहींना मान्य नाहीत. सखाख भिंती उभ्या झाल्यावरच घाला.

प्रतिसाद ३: प्लास्टिक सखाखवर असेपर्यंत तो सुक्काच नाही. जेवायच्या आधी काढा. पातेल्यातलं जेवण खराब होईल इतका पाऊस आला की घरात जायची मुभा आहे. मिश्नेत (ज्यूंच्या जुन्या कायदेसंग्रहात) अशा पावसाला उपमाही बोचरी दिलीय: नोकर मालकासाठी प्याला भरायला गेला आणि मालकाने सुरई त्याच्याच तोंडावर ओतली.

प्रश्नकर्ता: मग इजिप्तमधून निघालेले इस्राएली लोक वाळवंटात ज्या सुक्कांत राहिले म्हणतात, त्या खरंच झोपड्या होत्या का?

प्रतिसाद ३: बायबलमधल्या लेवीय २३:४३ मध्ये 'सुक्कोत' हा शब्द येतो, त्यावर तालमूदमध्ये (मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथात) दोन मतं आहेत, एक खऱ्या झोपड्यांचं, दुसरं देवाच्या छत्रासारख्या ढगांचं. बांधायचे नियम दोन्हींत तेच. सणाच्या पहिल्या रात्री, तिश्री या ज्यू महिन्याच्या १५ ला, निदान ऑलिव्हएवढी भाकरी आत बसून खावीच लागते. त्या रात्री पाऊस असेल तर बरेच जण थोडं थांबून बघतात.