गर्भपात, गर्भस्राव आणि भ्रूणहत्या: फरक काय?

शंका: आमच्या बीड जिल्ह्यात भिंतीवर ‘भ्रूणहत्या महापाप’ असे रंगवलेले दिसते, कायद्यात मात्र ‘गर्भपात’ म्हणतात. हे शब्द समानार्थी आहेत का?

उत्तर: नाहीत, आणि ते तसे वापरले जातात याचे मला मनापासून वाईट वाटते. फलनानंतर सुमारे आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण आणि त्यापुढे गर्भ, असा भेद वैद्यकशास्त्र करते. सोनोग्राफीत लिंग ओळखू येते ते त्यानंतर; म्हणजे ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द काटेकोर अर्थाने बसतच नाही. तरी तो रुजला, कारण २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुलीच उरल्या होत्या आणि त्या घावाला तितकाच कठोर शब्द हवा होता. मात्र पुढचा ‘स्त्री’ गळून नुसती ‘भ्रूणहत्या’ उरली, की १९७१ च्या कायद्याने मान्य केलेला गर्भपातही हत्येतच मोजला जातो, आणि जीव केव्हापासून धरायचा या वादाचा निकाल तो शब्द परस्पर लावून टाकतो.

सुश्रुतसंहिता याबाबत अधिक जपून बोलते. गर्भ चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर स्राव, शरीर स्थिरावल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर पात. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होऊन चेतना प्रकटते, म्हणून त्या दोन हृदयांच्या स्त्रीला तिथे दौहृदिनी म्हटले आहे; आपले ‘डोहाळे’ त्याच कुळातले. आज पाळीपासून मोजलेल्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफीत हृदयाचे स्पंदन दिसते. दोन्ही खुणा वाढीच्या आहेत. माणूसपण कुठे सुरू होते, हे त्यांवरून आपोआप ठरत नाही, असे माझे मत आहे.

बोलीत ‘पोट पडणे’ आणि ‘पोट पाडणे’ वेगळे आहेत. ‘गर्भपात’ या नामात मात्र कर्ता दिसत नाही. माझ्या बहिणीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात आपोआप गेला, तेव्हा दवाखान्याच्या कार्डावर नुसते ‘गर्भपात’ लिहिले होते. सासरी ते वाचून तिला ‘कुणाला विचारून पाडलंस?’ असे विचारले गेले. तिची आजेसासू, जिला अक्षरओळख नव्हती, तेवढी म्हणाली, “पाडलं न्हाई रं, पडलंय.” तेव्हा अशा ठिकाणी ‘गर्भस्राव’ किंवा ‘आपोआप झालेला गर्भपात’ असेच लिहावे.