जैसलमेर : पाण्याच्या जागा पाहायच्या आहेत, सहल कशी आखावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत आम्ही आटपाडीहून जैसलमेरला जाण्याचे ठरवत आहोत. त्या भागात प्रत्यक्ष फिरलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सोबत आई आहे, तिला गुडघेदुखीमुळे फार चढउतार जमत नाही. आणि मामा आहेत, जे सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. सांगलीहून जोधपूरला थेट रेल्वे मिळते आणि जोधपुरात विट्याकडचे गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले पाहुणे राहतात, त्यामुळे तिथपर्यंतची काळजी नाही. प्रश्न आहे तो पुढच्या चार-पाच दिवसांचा.

सहल कंपन्यांकडून मागवलेले कार्यक्रम जवळजवळ एकाच साच्याचे निघाले : सकाळी किल्ला, दुपारी पटवांची हवेली, संध्याकाळी सम गावाजवळच्या वाळूत उंटावरून सूर्यास्त आणि रात्री तंबूंसमोर नाचगाणे. किल्ला आणि हवेल्या आम्हालाही पाहायच्याच आहेत. गुमानचंद पटवा यांच्या कुटुंबाच्या पाच हवेल्या आणि त्यांवरचे पिवळ्या दगडातले जाळीकाम न पाहता परत येणे मला पटणार नाही. परंतु माझी खरी ओढ वेगळी आहे. वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलीमीटरसुद्धा पाऊस न पडणाऱ्या मुलखात रावल जैसल याने ११५६ मध्ये वसवलेले शहर साडेआठशेहून अधिक वर्षे नांदते राहिले, ते कोणत्या पाण्यावर, हे मला जागेवर उभे राहून समजून घ्यायचे आहे. आमच्या माणदेशात त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येण्याआधी आम्ही टँकर आणि चारा छावण्यांवर उन्हाळे काढलेले आहेत. म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

गडीसर तलाव सगळ्याच कार्यक्रमांत आहे, पण तो अर्ध्या तासात, नौकेतून चक्कर मारून उरकला जातो. चौदाव्या शतकात रावल घडसी याने बांधलेल्या या तलावावर शहर शतकानुशतके पाणी पीत होते. तो भरला की जास्तीचे पाणी वाया न जाता पुढच्या जोशीसर, गुलाबसर अशा तलावांच्या साखळीत उतरत असे. ही साखळी आज चालत जाऊन पाहता येते का, की मध्ये वस्ती झाली आहे? तसेच बडा बाग येथे लोक राजघराण्याच्या छत्र्यांची, म्हणजे स्मारकांची, छायाचित्रे काढण्यासाठी जातात, पण ती बाग मुळात महारावल जैतसिंह याने सोळाव्या शतकात घातलेल्या बंधाऱ्याच्या आधाराने उभी राहिली. त्या बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत आईला नेता येईल का?

सर्वांत जास्त उत्सुकता आहे ती खडिनाची. उताराच्या खडकाळ माळावरून वाहून येणारे पाणी खालच्या अंगाला लांबच लांब मातीचा बांध घालून अडवायचे, ते शेतातच उभे राहू द्यायचे, जमिनीत जिरले की वर राहिलेल्या गाळात नुसत्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरायचा, अशी ही पद्धत आहे. पंधराव्या शतकापासून पालीवाल ब्राह्मणांनी ती या भागात रुजवली. जादा पाण्यासाठी बांधाला सांडवा ठेवलेला असतो आणि पाणी देणारा माळ शेताच्या दहापटीहूनही मोठा असू शकतो. आमच्याकडे ओघळीला आडवी ताल, म्हणजे बांध, घालून माती आणि ओल धरतात, त्याच कुळातली ही रचना आहे. पण ताल बहुधा ज्याच्या-त्याच्या वावरापुरती असते, आणि तिथे मात्र अख्ख्या माळाचे पाणी एका शेतात आणण्याचा विचार केलेला आहे. एवढा मोठा माळ मोकळा ठेवायचा तर गावाने एकत्र बसून निर्णय घ्यावा लागतो, आणि मला त्याचेच फार अप्रूप वाटते. कुलधरा या उजाड गावाकडे पर्यटक भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात, पण ज्यांनी ही शेती उभी केली त्या पालीवालांचे ते गाव आहे. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठली ही आख्यायिका तेवढी सगळ्यांच्या तोंडी आहे. अभ्यासक मात्र आटत गेलेले पाणी आणि वाढत गेलेले कर यांकडेही बोट दाखवतात. कुलधरा आणि खाभा या बाजूला चालू स्थितीतले खडीन रस्त्यावरून दिसतात का, आणि जानेवारीत त्यांत पीक उभे असते का, हे कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. किल्ल्याच्या आत हॉटेले पुष्कळ आहेत आणि तिथून दृश्यही छान दिसते म्हणतात. पण २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या या किल्ल्याला आज सर्वांत मोठा धोका आहे तो पाण्याचाच. पूर्वी माणसे खालून पाणी वाहून आणत, ते जपून वापरत, आणि पावसाचे पाणी बाहेर काढून देण्यासाठी घूटनाली नावाची व्यवस्था होती. नळ आले, न्हाणीघरे वाढली, आणि झिरपणारे पाणी पायाखालच्या मातीत मुरून बुरूज ढासळू लागले. म्हणून आम्ही किल्ल्यात न राहता खाली शहरात राहायचे ठरवले आहे. किल्ल्याच्या दरवाजांपासून जवळ, तळमजल्यावर खोली मिळेल असा कोणता भाग सोयीचा पडेल? आईसाठी वर चौकापर्यंत रिक्षा जाते का?

मामांना सीमेकडची लोंगेवाला आणि तनोट ही ठिकाणे पाहायचीच आहेत, त्याबद्दल दुमत नाही. आगाऊ धन्यवाद.

— माणगंगाकाठ

———

माणगंगाकाठ,

मी साताऱ्याचा. नोकरीनिमित्त काही वर्षे पश्चिम राजस्थानात होतो, त्या आधारे लिहितो.

आधी मातोश्रींचे. किल्ल्यात दसरा चौकापर्यंत रिक्षा जाते. पुढे जैन मंदिरांकडच्या गल्ल्या अरुंद आहेत, मात्र दगडी फरसबंदी आहे, सावकाश चालता येईल. मुक्कामासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी, गडीसरच्या रस्त्याला जागा शोधा. म्हणजे पहाटे तलावावर पायी जाता येईल. तिथे तिलों की पोल या दरवाजापाशी थोडे थांबा. नर्तकीने बांधलेला दरवाजा राजाने पाडू नये म्हणून तिने वर कृष्णाचे मंदिर उभारले, अशी गोष्ट सांगतात. आज गडीसरमध्ये इंदिरा गांधी कालव्याचेही पाणी येते, त्यामुळे तलाव भरलेला दिसला तरी तो सारा पावसाचा आहे असे समजू नका. तलावांच्या साखळीतले काही तलाव वस्तीने वेढले आहेत. पण नकाशा हातात घेऊन, स्थानिक वृद्ध माणसाला विचारत गेलात तर पाण्याची वाट अजून ओळखू येते.

खडिनासाठी कुलधरा-खाभा हीच बाजू धरा. तुमचे वाहन त्या रस्त्यावर हळू चालवायला सांगा. एकीकडे करडा खडकाळ उतार आणि दुसरीकडे बांधाच्या आत हिरवा चौकोन दिसला की तो खडीन. पावसाळा बरा झाला असेल तर जानेवारीत गहू-हरभरा उभा असतो. पाऊस हुकलेला असेल तर नुसता भेगाळलेला गाळ दिसेल, आणि तोही पाहण्यासारखा आहे. बांधावर चढण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारा, खालच्या अंगाला विहीर आहे का तेही विचारा. खडिनात मुरलेले पाणी त्या विहिरीत येते.

तुमच्या यादीत अमरसागर तलाव दिसला नाही, तो घाला. लोद्रवा या जुन्या राजधानीच्या रस्त्यावरच आहे, म्हणजे तिथले पार्श्वनाथाचे मंदिरही त्याच फेरीत होईल. अमरसागरच्या तळातच बेऱ्या, म्हणजे लहान विहिरी, बांधलेल्या आहेत. तलाव आटला की जमिनीत उतरलेले पाणी लोक या बेऱ्यांतून काढतात. जानेवारीत तलावाचा बराच भाग कोरडा असण्याची शक्यता आहे, त्यामुळे ही बांधणी नीट पाहता येईल.

लोंगेवाला आणि तनोट एका दिवसात होते, मात्र पहाटे निघा. तनोट जैसलमेरपासून सुमारे १२० किलोमीटर आहे. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री २३ पंजाब या पलटणीच्या तुकडीने लोंगेवालाची चौकी रोखून धरली आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी वाळूत अडकलेले रणगाडे टिपले, हे तुमच्या मामांना मी सांगायला नको. तनोटच्या पुढे सीमेकडे जायचे असल्यास परवानगी लागते. वाटेत रामगढला जेवणासाठी थांबाल, तेव्हा तिथला विप्रासर तलाव अवश्य पाहा. या पट्ट्यात वाळूखाली जिप्समचा थर आहे. पावसाचे गोडे पाणी त्या थरावर अडून राहते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, म्हणूनच इथल्या बेऱ्यांना गोडे पाणी लागते.

वाळूच्या टेकड्यांसाठी समऐवजी खुडी निवडा. तिथे गर्दी कमी आहे.

— अजिंक्यताऱ्याखाली

———

आपले मनःपूर्वक आभार. बेरी आणि जिप्समच्या थराची माहिती वाचून मामांनीच रामगढला जास्त वेळ ठेवायला सांगितले आहे. आता कार्यक्रम असा करतो : पहिला दिवस किल्ला व गडीसर, दुसरा बडा बाग, अमरसागर आणि लोद्रवा, तिसरा कुलधरा व खाभा करून खुडीला मुक्काम, चौथा विश्रांतीचा, कारण आईला सलग प्रवास झेपणार नाही, आणि पाचवा रामगढ, लोंगेवाला, तनोट.

एवढेच विचारायचे राहिले : खडीन कसणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याशी तासभर निवांत बोलायचे असेल तर कोणत्या गावात चौकशी करावी? आमच्या गावातले काही तरुण ताली दुरुस्त करण्याच्या कामात आहेत. सांडव्याची उंची कशी ठरवतात आणि वरच्या माळावर कोणी नांगर घातला तर गाव काय करते, हे दोन प्रश्न त्यांनी मला लिहून दिले आहेत.

— माणगंगाकाठ