मदत हवी आहे: दुपारी तापलेली इलेक्ट्रिक मोटरसायकल चार्जच होत नाही (नागपूर)

मानेवाडाकर:

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापासून इलेक्ट्रिक मोटरसायकल वापरतोय. राहायला मानेवाड्याला, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, एका बाजूने ३१ किलोमीटर. गाडी कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'ही काहून घेतली, ती घ्यायची होती' यातच धागा संपेल. बॅटरी ४ युनिटची, सोबतचा चार्जर ८०० वॉटचा, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला साडेपाच तास. कागदावरची रेंज सोडा, माझ्या हाताखाली हिवाळ्यात ११० आणि सध्या १०० च्या आसपास मिळते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. वर्षभर मागून झालं. बैठकीत विषय निघतो आणि लिफ्टच्या दुरुस्तीवर जाऊन विरतो. त्यामुळे सगळी भिस्त कंपनीच्या शेडमधल्या प्लगवर. तिथे १६ अँपिअरचा पॉइंट दिलाय, पगारातून त्याचे पैसे कापतात, माझी काही तक्रार नाही. पहिली पाळी असली की सकाळी सहाच्या आत लावतो आणि दहापर्यंत फुल. रडकथा दुसऱ्या पाळीची, २ ते १० ची.

दुपारी एकला वर्धा रोडला लागलो की वरून ऊन आणि खालून डांबर. पोहोचतो तेव्हा सीटवर हात ठेववत नाही. पत्र्याचं शेड, तेही पश्चिमेला उघडं. प्लग लावला की दोन मिनिटं हिरवा दिवा, मग लाल. ॲपवर 'बॅटरीचे तापमान जास्त'. इथपर्यंत ठीक आहे, गाडी आपला जीव सांभाळते. पण संध्याकाळी बॅटरी निवल्यावर चार्जिंग आपणहून परत सुरू होत नाही! लाल तो लालच. रात्री दहाला येऊन पाहतो तर दुपारी होती तेवढीच बॅटरी. चहाच्या सुट्टीत जाऊन प्लग काढून परत लावला तर लगेच घेते. पण शेड गेटपाशी, आमचं शॉप दुसऱ्या टोकाला. मशीन सोडून रोज कोण जाऊ देईल?

मागच्या आठवड्यात सोमवारी अशीच कोरडी परत आली. मंगळवारी कंपनीत पोहोचलो तेव्हा ७ टक्के, आणि त्या दिवशीही लाल. गाडी तिथेच ठेवून एका सहकाऱ्याच्या पेट्रोल गाडीवर मागे बसून घरी आलो. चिंचभुवनपर्यंत तो 'मी तुला तेव्हाच म्हटलं होतं' म्हणत होता. पुढचं मी ऐकलं नाही.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, सर, अपडेट येईल. कधी, ते सांगत नाहीत.

कोणी यावर उपाय काढलाय का? शेडमधला मित्र म्हणतो, ओलं पोतं टाक. दुसरा म्हणतो, टेबलफॅन लाव. दोन्हीची भीती वाटते.

आणखी एक. मी गाडी बनवणाऱ्या कंपनीला सुधारणांचं एक पत्र लिहितोय. मोटर, बॅटरी, वेग याबद्दल काहीच म्हणायचं नाही, गाडी झकास चालते. जीव खातात त्या दहा-वीस रुपयांच्या गोष्टी. चार्जरची वायर गुंडाळून ठेवायला जागा नाही, ती टाकीच्या डब्यात कोंबावी लागते आणि मग डब्यात दुसरं काही मावत नाही. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण वरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे त्याच्या खाचेत धूळ आणि पाणी साचतं. तेच खालच्या बाजूला उघडलं असतं तर? दुपारच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसतं, टक्के दिसत नाहीत.

आणि पिशवीचा हूक. हसू नका. फेब्रुवारीत गोकुळपेठच्या बाजारात गाडीवर बसूनच भाजी घेतली. हूक नाही, म्हणून डाव्या हातात पिशवी, उजव्या हाताने सुटे पैसे काढतोय. भाचा पुढे बसलेला. गाडी चालूच होती, पण आवाजच नाही तर लक्षात कसं येणार? त्याने मूठ पिळली. गाडी फूटभर उडून थेट संत्र्यांच्या टोपलीत. कोणाला लागलं नाही, पण अर्धी टोपली नाल्यात. बाई कडाडल्या, "काय करून राहिले भाऊ तुम्ही?" आणि भाचा मलाच म्हणतो, "मामा, गाडी चालू कुठं होती, आवाज तर येऊनच नाही राहिला होता ना!" दोनशे रुपये दिले, उरलेली संत्री घरी आणली. तेव्हापासून वाटतं, गाडी उभी राहून अर्धा मिनिट झालं आणि मूठ पिळली गेली नाही, तर तिने आपणहून मोटर बंद करावी आणि पुन्हा निघायला ब्रेक दाबून बटण मागावं. यात नवा भाग लागत नाही, प्रोग्रॅमच्या चार ओळी लागतात.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा, पत्रात घालतो.

---

तारजोड:

दादा, आधी नक्की काय तापतंय ते पाहा. बॅटरी की चार्जर? तुमचा चार्जर शेडच्या फरशीवर ठेवलेला असेल तर त्याचाही जीव जातो. पंख्याची जाळी भिंतीला चिकटलेली नको, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, सावलीत टांगा. पण ॲप 'बॅटरी' म्हणतंय तर बहुतेक बॅटरीच.

कारण साधं आहे. लिथियम सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करू देतात, चालवायला मात्र ६० पर्यंत चालतं. म्हणून ज्या तापमानाला गाडी मजेत धावते त्याच तापमानाला ती चार्जिंग नाकारते. आणि नागपूरचं काय सांगावं, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत. शेडमधली हवाच ४४ असेल तर बॅटरी ४५ च्या खाली किती लवकर येणार? ती चांगली जडशीळ वस्तू आहे, हळू तापते आणि हळूच निवते. पंखा लावला तर बिघडत नाही, पण तो हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दुपारी उपयोग नाही, सहानंतर थोडा आहे.

ओलं पोतं अजिबात नको. बॅटरी बंद पेटीत असते, तिला गारवा पोहोचणार नाही, पाणी मात्र कनेक्टरपर्यंत नक्की पोहोचेल.

जमेल तो उपाय सांगतो. तुम्ही म्हणता प्लग काढून परत लावला की घेते. मग प्लग न काढता भिंतीवरचं बटण बंद करून पाहा. मिनिटभर थांबून सुरू केल्यावर चार्ज घेते का? घेत असेल तर तुमचं काम टायमर करेल. फिरत्या तबकडीचा चोवीस तासांचा टायमर येतो, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुणा असतात. बर्डीवर इलेक्ट्रिकच्या दुकानात मागा, पण १६ अँपिअरचाच. ६ वाला स्वस्त मिळतो, त्यावर तासन्‌तास चार्जर चालवू नका, पिना पिवळ्या पडतात. आणि पॉइंटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग खरंच जोडलंय का, हे कंपनीच्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

---

जुनी लूना:

आम्ही लूनावर हेल्मेटशिवाय वर्धा गाठली, कोणाचं काही तापलं नाही. तुमच्या पिढीची गाडीही एसी मागते, बाप्पा.

बरं, कामाचं सांगतो. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. त्या दिवसांत पत्र्याखाली गाडी ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. गेटजवळ कडुनिंब असेल न? झाडाखाली ठेव, संध्याकाळी शेडमध्ये आण. पत्र्याच्या सावलीत अन् झाडाच्या सावलीत लय फरक आहे, बसून पाह्य एकदा.

---

वाळ्याची ताटी:

दादा, मीही इलेक्ट्रिक मोटरसायकलच चालवते, प्रतापनगर ते हिंगणा टी-पॉइंट. अंतर कमी, त्यामुळे तुमच्यासारखा त्रास नाही. पण पत्रात माझी एक गोष्ट घालाच.

मूठ सोडली की मोटर उलटी वीज बनवते आणि गाडी दचकून हळू होते. त्या वेळी मागचा लाल दिवा माझ्या गाडीत पेटत नाही, कारण मी ब्रेक दाबलेलाच नसतो! मागच्याला वाटतं ही सरळ चालली आहे. शंकरनगर चौकात एका ऑटोचा हॉर्न अगदी कानाजवळ वाजला तेव्हा समजलं. गाडीला स्वतःचा वेग किती पटकन कमी होतोय ते कळतं, मग दिवा लावायला काय जातं?

आणि हो, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर सकाळी पहिल्या एक-दोन किलोमीटरला हे मोटरचं ब्रेकिंग जवळजवळ नसतंच, वीज ठेवायला जागा नसते म्हणून. मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी उतारावर पोटात गोळा आला. स्क्रीनवर एक छोटी खूण दाखवली तरी पुरे.

---

तारजोड:

ताई, बरोबर. आणि मानेवाडाकर, एक राहिलं. शेवटचे पाच-सहा किलोमीटर इको मोडवर, हळू जा. प्रवाह दुप्पट झाला की बॅटरीच्या आतली उष्णता चौपट होते. मुक्कामाला निवत-निवत पोहोचलेलं बरं.

---

नागनदीकाठ:

टायमर लावाल तेव्हा पॉइंट छातीच्या उंचीवर घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आमच्या बेसमेंटमधलं पाणी खालच्या प्लगच्या वर गेलं होतं. गाड्यांच्या बॅटऱ्यांवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण तो आकडा बॅटरीचा. चार्जर आणि भिंतीवरचा बोर्ड त्यात येत नाही, हे लोक विसरतात.

---

मानेवाडाकर:

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितोय, कारण करून पाहिलं.

तारजोडदादा, भिंतीवरचं बटण दहा सेकंद बंद ठेवलं तर काही होत नाही, चार्जरचा दिवा विझायलाच वेळ लागतो. मिनिटभर ठेवलं की मात्र नव्याने सुरुवात करतो. म्हणजे टायमरचे पंधरा मिनिटं भरपूर झाले. १६ वाला आणला. संध्याकाळी साडेपाच, साडेसहा आणि साडेसात असे तीन वेळा पंधरा मिनिटं बंद. साडेपाचच्या खेपेला परत लाल झाला असावा, साडेसहाच्या खेपेला, म्हणजे पावणेसातपासून घेतलं. रात्री दहाला ५३ टक्के वाढलेले! शेडमधल्या वॉचमनने सांगितलं, "साहेब, तुमचा डब्बा टकटक करून राहिला होता, मी हात नाही लावला." डब्बा म्हणजे टायमर.

पण हिशेब अजून जुळत नाही. जाऊन-येऊन ६२ टक्के खर्च, ५३ जमा. रोज ९ टक्क्यांची उधारी, म्हणजे आठवडा जेमतेम निघेल. साडेसातची खूण काढली तर आणखी चार टक्के मिळतील, कारण तेव्हा तो चालूच असतो. मग उरतात पाच. काका, कडुनिंब आहे, पण त्याखाली वजनकाट्याचे ट्रक उभे राहतात.

पत्रात पहिल्या नंबरवर लिहिलं आहे: बॅटरी निवली की चार्जरने स्वतः दर अर्ध्या तासाने परत विचारावं. नऊशे रुपयांचा टायमर मी त्यासाठीच घेतलाय असंही लिहिलंय, बिलाच्या फोटोसह. ताईंचा मागचा दिवा दुसऱ्या नंबरवर. पिशवीचा हूक तिसरा, संत्र्यांची गोष्ट गाळली आहे.

आता शेडच्या पश्चिमेला हिरवी नेट बांधायची परवानगी मिळाली आहे. पंधरा बाय दहा फूट लागेल. जाड, दाट विणीची नेट इतवारीत कुठल्या गल्लीत बघू? घराच्या गच्चीवर लावलेली एका उन्हाळ्यात फाटली होती, तसली नको.