चौथ्या वर्षी जपानीचा अभ्यास रेंगाळलाय, लक्ष कसं टिकवायचं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण आता खरंच मदत हवी आहे.

चार वर्षांपूर्वी ठरवलं की जपानी कथा मुळातून वाचायच्या आणि पुढे त्यांचा मराठीत अनुवाद करायचा. जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-५, एन-४, एन-३ या पातळ्या ओळीने पास झालो (एन-५ सगळ्यांत सोपी, एन-१ सगळ्यांत अवघड). गेल्या डिसेंबरात एन-२ दिली, १८० पैकी ८४ मिळाले. लागतात ९०. तेव्हापासून पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत मन उडतं. मधल्या काळात गिटारचा क्लास लावला, डेटा अ‍ॅनालिसिसचा कोर्स निम्मा केला. आळशी नाही हो मी, हातातलं काम चोख करतो. पण पहिल्या वर्षी दर आठवड्याला काहीतरी नवं वाचता यायचं, आता महिना गेला तरी पुढे सरकलो की नाही तेच कळत नाही. ज्यांनी पाच-दहा वर्षांचं काही तडीस नेलंय त्यांनी सांगा, मधली वर्षं कशी काढलीत?

रिकामी_ओळ

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. मला तरी याचा खूप उपयोग झाला. सायलेंटवर टाकून समोर ठेवला तर हात जातोच.

शाईचा_डाग

अर्धविराम, तुमचे ८४ वाचून गलबलून आलं. माझी एन-१ दोनदा गेली, तिसऱ्यांदा झाली. पहिल्या अक्षरापासून धरलं तर नऊ वर्षं.

मोबाइलचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमचं दुखणं वेगळं वाटतं. गिटार, कोर्स, सगळ्या चांगल्याच गोष्टी, म्हणून तर त्यांना नाही म्हणवत नाही. माझ्याकडे चित्रकला होती, शिवाय आणखी एक भाषा सुरू केली होती. शेवटी एक वही काढली आणि वर लिहिलं ‘नंतर’. नवं काही शिकावंसं वाटलं की तारीख घालून तिथे टिपायचं आणि तीन महिने त्याला हात लावायचा नाही. वर्षभरात सतरा नोंदी झाल्या. मुदत संपल्यावर वाचल्या तेव्हा त्यातल्या दोनच अजून हव्याशा वाटत होत्या. चित्रकला सुटल्याचं वाईट आजही वाटतं, ते लपवत नाही.

आता पुढे सरकल्याचं कळत नाही, त्याबद्दल. परीक्षा वर्षातून फार तर दोनदा, जुलैत आणि डिसेंबरात. तेवढ्यावर उमेद कशी टिकणार? मी बारा पानांची एकच कथा निवडली. दर तीन महिन्यांनी तिची कोरी झेरॉक्स घ्यायची, वाचायची आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं. पहिल्या वेळी पहिल्याच पानावर ४१ टिंबं पडली. वर्षाने ९. ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

आणखी एक. रोजच्या वापरातल्या कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी वळणाच्या चित्राक्षरांची, सरकारी यादी २,१३६ची आहे. तो आकडा मी भिंतीवर लावला होता. बघून नुसती छाती दडपायची, म्हणून काढून टाकला. मग एका रात्री घोकायचा कंटाळा आला आणि मी कांजी फक्त न्याहाळत बसले. ‘वाट पाहणं’, ‘हातात धरणं’ आणि ‘कविता’, तिन्हींच्या उजव्या अंगाला ‘देऊळ’! डावीकडचा भाग तेवढा बदलतो, पहिल्यात पाऊल, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात वाणी. ‘धरणं’ आणि ‘देऊळ’ यांचा एक उच्चारही सारखाच, ‘जि’. इतकी वर्षं ही अक्षरं मी लिहीत होते, पण पाहिली त्या रात्री. दुसऱ्या दिवशी वेळ लावून बसावं लागलं नाही, आपोआप बसले. अशी रात्र ठरवून आणता येत नाही, पण वेग थोडा कमी केला तर ती यायला जागा राहते.

सावकाश

शाईचा_डाग, टिंबांची कल्पना फार आवडली.

अर्धविराम, एक भर घालतो. २१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला ९६ जणांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. त्या सवयी लहान होत्या, पाणी पिण्यासारख्या. अनुवाद काही सवयीने होणार नाही, पण पुस्तक घेऊन ठरल्या जागी बसणं होईल. मी स्वतः एक दिवस हुकला की पुढचा आठवडा सोडून द्यायचो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वही काढली. पहिली नोंद गिटार. लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं आणि गिटार खोळीत घालून माळ्यावर ठेवली. डेटाचा कोर्स दुसरी नोंद.

शाईचा_डाग, ती बारा पानांची कथा सोपी घेतली होतीत की अवघड?

शाईचा_डाग

पानाला तीस-चाळीस शब्द अडतील अशी घ्या. त्याहून जास्त अडले तर गोष्टच हातातून निसटते. आणि प्रत्येक झेरॉक्सवर तारीख घाला. मी पहिलीवर घातली नव्हती, नेमकी कधी वाचली ते आता आठवत नाही.