झोपेत दात खाता का? हिरडी-हाडाचे अनुभव लिहा इथे

धागा काढतेय कारण मागच्या महिन्यात जिभेखाली, खालच्या दातांच्या आतल्या बाजूला दगडासारखी गाठ बोटाला लागली आणि माझी झोपच उडाली. तंबाखू नाही सुपारी नाही, तरी डोक्यात पहिला विचार कॅन्सरचाच. डेंटिस्टने बोट फिरवून पाहिलं, दुसऱ्या बाजूलाही तशीच निघाली, एक्सरे काढला, म्हणाले हाडच आहे, याला टोरस म्हणतात, दात घासले गेलेत बघा, रात्री खाता ना कराकरा? दातांवर सतत जोर आला की तिथलं हाड वाढू शकतं म्हणे. पण आईलाही आहे, म्हणजे आनुवंशिकही असणार. दुखत नाही, फक्त भाकरीचा कडक पापुद्रा लागला की वरची कातडी सोलवटते. अजून कुणाला आहे?

खारीक
गाठबिठ नाही, उलटा प्रकार. दाढेत सिमेंट भरलं ते जरा उंच राहिलं, चावलं की कळ, आणि काही दिवसांनी दाढ चक्क हलायला लागली. एक्सरेत मुळाभोवतीची काळी रेघ जाड दिसत होती. निळा कागद चावायला लावला, जिथे ठिपका गडद उमटला तिथे घासलं, बस. पुढच्या एक्सरेला रेघ बारीक, दाढ घट्ट.

निवांत_पाटील
सासूबाईंच्या खालच्या कवळीचा याच गाठींनी बट्ट्याबोळ केला, बसेचना, टोचायची. शेवटी भूल देऊन हाड तासलं. कवळी करायची नसती तर हात लावला नसता, असं सर्जन म्हणाले.

दंतकथा
मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे म्हणून थोडं लिहिते. दात हाडात थेट रुतलेला नसतो, मध्ये साधारण ०.२ मिमीचा तंतूंचा पडदा असतो. जोर वाढला की तो रुंद होतो आणि दात हलतो, खारीक यांची काळी रेघ तीच. हिरडी निरोगी असेल तर जोर काढल्यावर बहुतेकदा भरून येतं. आधीच पायरिया असेल तर मात्र हाड झपाट्याने खचू शकतं, तिथे नुसतं नाईट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कव्हर) घालून भागत नाही, आधी सफाई. भाराप्रमाणे हाड घडतं हे जर्मन सर्जन वोल्फने १८९२ मध्ये मांडलं, पण टोरसचं सगळं खापर चावण्यावर फोडू नका. आणि इम्प्लांटला (हाडात स्क्रूसारखा बसवलेला कृत्रिम दात) तो पडदा नसतो, म्हणून दात खाणाऱ्यांनी ते बसवण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

चहाबाज
आमच्या ह्यांना डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्यावर दात खायची सवय लागली, आवाजाने मी जागी. सायकियाट्रिस्टना सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली, आवाज कमी झाला.

खारीक
@दंतकथा, नाईट गार्डने गाठी कमी होतात का?

दंतकथा
नाही, वाढलेलं हाड विरघळत नाही. दातांची झीज वाचते. गार्ड गरम पाण्यात धुऊ नका, वाकडं होतं.