मदत हवी आहे: एका खोलीचं घर, सतत टीव्ही आणि २२ महिन्यांचं मूल

१० बाय १२ची एकच खोली, माणसं पाच. मूल २२ महिन्यांचं. शब्द आठ-दहाच, दोन शब्द जोडत नाही. हाक मारली की वळतं, बोटाने दाखवतं, सांगितलेलं कळतं. बेरा या ऐकण्याच्या तपासणीत कान ठीक. घरात मराठी-हिंदी दोन्ही आहेत, पण त्याने बोलणं अडत नाही, तेव्हा एक भाषा सोडा असं कृपया सुचवू नका.

मोबाइल बंद केलाय, जेवताना टीव्हीही. अडचण आजोबांच्या बातम्यांची. मूल बघत नसलं तरी मागे आवाज असला की मोठ्यांचं त्याच्याशी बोलणं घटतं, आणि गलक्यात शब्द सुटे ऐकू येत नाहीत. हेडफोन आजोबांना नको.

स्पीच थेरपिस्टची वेळ पुढच्या महिन्यातली. तोवर शांत वेळ सलग तासभर ठेवावा, की आंघोळ-जेवण-झोपेभोवती पंधरा-पंधरा मिनिटं?