मिजली: शिसे आणि फ्रिऑन यांत फरक करावा

शिसेयुक्त पेट्रोल आणि फ्रिजमधला फ्रिऑन वायू शोधणारे अमेरिकन अभियंते थॉमस मिजली यांना आपल्या शोधांचे दुष्परिणाम ठाऊक असणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना दोष देऊ नये, असे काही जण म्हणतात. फ्रिऑनपुरते ते मान्य. शिसेयुक्त पेट्रोलच्या बाबतीत मात्र नाही.

इंधन अवेळी पेटल्याने इंजिनात बसणारे ठोके थांबवणारा टेट्राएथिल लेडचा (शिशाच्या एका संयुगाचा) उपाय 1921 मध्ये सापडला, तेव्हा शिशाचे विषारीपण जुनेच माहीत होते. खुद्द मिजली 1923 मध्ये शिशाच्या बाधेमुळे फ्लोरिडात विश्रांतीसाठी गेले होते. तरीही बाजारात नाव आले ते नुसते 'एथिल'. त्या नावातून 'शिसे' हा शब्द अलगद गाळला होता. पुढच्या वर्षी न्यू जर्सीतील कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, तेव्हा ऑक्टोबर 1924 मध्ये मिजलींनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. याला अज्ञान म्हणणे अवघड आहे. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात हे त्यांना माहीत होते, पण त्यावर पेटंटची मक्तेदारी मिळण्यासारखी नव्हती.

फ्रिऑनची गोष्ट वेगळी. त्या काळच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत, त्यामुळे 1930 मध्ये, फ्रिऑन विषारी नाही आणि पेटतही नाही हे दाखवण्यासाठी, त्यांनी तो छातीत भरून मेणबत्तीवर फुंकला आणि ज्योत विझली, तेव्हाचा आनंद खराच होता. अशा वायूंमुळे वातावरणातील ओझोनच्या थराला असलेला धोका रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी मांडला तो 1974 मध्ये, म्हणजे मिजलींच्या मृत्यूनंतर 30 वर्षांनी. शिशासाठी मात्र इतकी वाट पाहावी लागली नव्हती. तरी आपल्याकडे ते पेट्रोलमधून हटायला 2000 साल उजाडले.